दुधाचं बोट

आमची धाकटी पुतणी दुसरीत असताना बाईंनी वर्गात विचारलं, घरी कोण काय काम करतं? ही उभी राहून म्हणाली, ‘मेरे काका अंडे उबालते हैं. रोज हज़ारों!’ घरात तिनं ‘काका अंडी उबवतात’ एवढंच ऐकलं होतं. शाळा हिंदी, घर मराठी, आणि मधल्या रस्त्यात ‘उबवणे’चं ‘उबालना’ होऊन गेलं. पुढं कितीतरी दिवस देवासच्या आमच्या गल्लीत मला लोक विचारायचे, ‘क्यों भिया, इतने उबले अंडे जाते कहाँ हैं?’

आमचं घराणं मराठा दरबाराबरोबर दक्षिणेतून इकडं आलेलं, घरात अंड्याचा विटाळ. अशा घरातला मी एका हॅचरीत चिकटलो आणि एकतीस वर्षं तिथंच राहिलो. अंडं चाखलं कधीच नाही. फोडली मात्र अगणित.

फोडणं हाच माझ्या कामाचा खरा भाग. मशीनमध्ये अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिलं निघतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जी निघत नाहीत त्यांचं काय, हे कोणी विचारत नाही. ती माझ्या टेबलावर यायची. पांढऱ्या इनॅमलच्या थाळीत एकेक फोडायचं, आतलं पिल्लू कितव्या दिवशी थांबलं ते ओळखायचं आणि का थांबलं ते शोधायचं. चौथ्या दिवशी थांबलं असेल तर काळा ठिपक्याएवढा डोळा दिसतो. चौदाव्याला पिसं आलेली असतात. विसाव्याला चोच हवेच्या पोकळीत घुसलेली असते, आणि तिथं थांबलेलं पिल्लू पाहिलं की इतक्या वर्षांनंतरही मला वाईट वाटायचं.

या धंद्यात एक गोष्ट मी कधी विसरलो नाही. पिल्लू कसं होणार हे कोंबडा-कोंबडी ठरवतात, पण सगळं तेच ठरवत नाहीत. आई एक, बाप एक, अंडी एकाच दिवशी घातलेली. एक ट्रे पंख्यासमोर, दुसरा दारापाशी. पंख्यासमोरचं पिल्लू नीट निघतं, दारापाशी गार वाऱ्यात राहिलेलं उशिरा निघतं आणि त्याचं पोट लिबलिबीत असतं. पहिल्या आठवड्यात उष्णता दोन-तीन अंशांनी चढली तर डोळाच धरत नाही, कधी कवटी मिटत नाही. शेवटच्या आठवड्यात चढली तर बेंबी उघडी राहते, काळजाचा गोळा लहान राहतो. अंडं फिरवलं नाही, तर आतल्या कवचाला चिकटून पसरणारं रक्तवाहिन्यांचं जाळं अर्धवटच पसरतं. उष्णता, ओल, हवा आणि फिरवणं, एवढ्या चारच गोष्टी आमच्या हातात. पण त्या चारांनी हाडं, स्नायू, काळीज सगळं बदलतं, याचं कुतूहल मला शेवटच्या दिवसापर्यंत पुरलं.

एकदा धारच्या बसमध्ये शेजारी एक वयस्क जैन गृहस्थ बसले होते, मोहनखेड्याच्या तीर्थाला निघालेले. काय करता, विचारलं. मी खरं सांगितलं आणि ते उठून दुसरीकडे बसतील म्हणून पिशवी आवरली. ते उठले नाहीत. उलट त्यांनीच विचारलं, ‘जीव किस दिन आता है?’ मी म्हटलं, तिसऱ्या दिवसाच्या आसपास काळीज हलताना दिसतं. ‘और मशीन में रखा ही नहीं तो?’ मी सांगितलं, गारव्यात ठेवलं तर काही दिवस ते नुसतं थांबून राहतं, मरत नाही; ऊब मिळाली की पुढं चालू लागतं. ‘मतलब, रुका हुआ जीव,’ ते म्हणाले. एवढ्या वर्षांत इतका नेमका शब्द मला कोणत्याही तांत्रिक पुस्तकात मिळाला नाही.

पण सांगायचं आहे ते दुसरंच. ते माझ्या चुकीचं आहे, म्हणून आजवर लिहायचं टाळलं.

काही वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, हॅचरीच्या फाटकाशी एक बाई डोक्यावर टोपली घेऊन उभी राहिली. नाव थावरीबाई. धारकडच्या बाग गावापलीकडच्या एका पाड्यावरून आली होती, तीन बसगाड्या बदलून. टोपलीत ज्वारीच्या भुशात बेचाळीस अंडी, एकही तडकलेलं नाही. कडकनाथची अंडी होती. ज्यांनी ही कोंबडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ही आमच्या धार-झाबुआकडची. पिसं काळी, पाय काळे, जीभ काळी आणि आत मांस, हाडंसुद्धा काळपट. अंड्यात असतानाच रंगाच्या पेशी कातडीशी न थांबता आत आत जात राहतात.

थावरीबाईच्या कोंबड्या तिनं लग्नात माहेरहून आणलेल्या. आईनं दिलेली एक जोडी, तिचाच हा सगळा वंश. त्या आठवड्यात रानमांजरानं खुराड्यात शिरून कोंबडा आणि सगळ्या कोंबड्या मारल्या होत्या. उरली होती ही अंडी. पाण्याच्या रांजणांमागं गार जागेत तिनं ती ठेवलेली, म्हणून टिकली.

‘बाज़ार में कड़कनाथ बोत मिले, साब,’ ती म्हणाली. ‘पर वो मेरी माँ की नी हे.’

बाहेरची अंडी मोठ्या मशीनमध्ये घालायची नाहीत, हा हॅचरीचा नियम. मागच्या खोलीत एक जुनं लहान मशीन होतं, ते मी तिच्यासाठी सुरू केलं. साडेतीन आठवड्यांनी ये म्हटलं. जाताना तिनं मशीनच्या दाराला हात लावून नमस्कार केला. मला हसू आलं, पण बरंही वाटलं.

आता त्या मशीनमधली ओल मोजायची रीत सांगायला हवी. आत दोन थर्मामीटर असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला सुती वात गुंडाळलेली, तिचं टोक पाण्याच्या वाटीत. वात पाणी ओढते, ते सुकताना फुगा गार होतो, म्हणून ओला थर्मामीटर खालचा आकडा दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका आकडा खाली. तो पंच्याऐंशी फॅरेनहाइटच्या आसपास असला की अंड्यातलं पाणी हवं तेवढंच उडतं. फार चढला तर हवा ओली, आतला पाण्याचा फवारा बंद करायचा. उतरला तर सुरू करायचा. सगळा कारभार त्या वातीच्या भरवशावर.

कंपनीची वात संपली होती. मागवलेली यायची होती. घरी आमच्या सौभाग्यवती, सुनंदा, यांचं लाखवातीचं चाललं होतं. लाख वाती वळून देवापुढं लावायच्या, असा त्यांचा नेम. दुपारभर कापूस घेऊन बसायच्या; डबेच्या डबे भरलेले. सरळ, गुळगुळीत, घट्ट वळलेल्या वाती. मी एका डब्यातल्या पाच-सहा उचलल्या, खिशात टाकल्या आणि एक थर्मामीटरला गुंडाळली. विचारलं नाही. कापूस तो कापूस, त्यात काय विचारायचं?

मशीनवर होता गेंदालाल. सोनकच्छजवळच्या गावाहून रोज बसनं यायचा. चौथी शिकलेला, पण मशीनचा आवाज ऐकून पंख्याचा पट्टा ढिला झाला हे सांगणारा. दुसऱ्याच दिवशी तो माझ्या टेबलाशी आला.

‘साब, या वात पाणी नी पी री हे.’

‘पितेय. नवी आहे. आकडा बघ, एकोणनव्वद दाखवतंय. हवा ओली झालीय, कूलर लावलाय ना खोलीत. फवारा बंद ठेव.’

‘बैसाख में हवा ओली, साब?’

‘अरे, कूलरची ओल. मला माहीत आहे.’

‘मला माहीत आहे’ हे वाक्य नोकरीत मी जितक्या वेळा वापरलं तितका पगार वाढला असता तर बंगला बांधून झाला असता. त्यानं फवारा बंद ठेवला.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दिव्यावर अंडी धरून पाहिली. बेचाळीसपैकी छत्तीसांत लाल शिरांचं जाळं छान पसरलेलं. मी खूश. चौदाव्या दिवशी गेंदालालनं दिव्यावर एक अंडं धरलं आणि बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीवर बोट ठेवलं. ‘पोल बड़ी हे, साब. चौदह दिन में इत्ती नी होवे.’

खरं म्हणजे त्या क्षणी अंडी वजन करून बघायला हवी होती. किती पाणी उडालं हे तराजू दोन मिनिटांत सांगतो. मी स्वतः नव्या पोरांना ते शिकवत आलो. पण एवढ्याशा अंड्यांसाठी कुठं तराजू काढायचा! उलट मीच त्याच्यावर घसरलो. ‘पाणी भरायला तू विसरत असशील आणि दोष वातीला!’ पॅकिंगच्या बायका तिथं होत्या. गेंदालालनं वाटी उचलून मला दाखवली. ती काठोकाठ भरलेली होती.

अठराव्या दिवशी अंडी पिलं निघायच्या टोपलीत हलवायची असतात. दिव्यावर पाहिलं, तीन अंड्यांत हालचाल नव्हती. ती मी थाळीत फोडली.

पिलं पूर्ण झालेली. काळ्या पायांची, काळ्या चोचीची, पण आखूड आणि सुकलेली. पायांवरची कातडी सुरकुतलेली. पोट उघडलं. कडकनाथचं आतलं सगळंच काळं, मूत्रपिंडंही. त्या काळ्यावर पांढऱ्या रेघा होत्या, पाटीवर खडूनं ओढल्यासारख्या. मी भिंग घेतलं. लघवीतला क्षार. अंगात पाणी नसलं की तो वाहून जात नाही, जागच्या जागी साठतो. पांढऱ्या पिसांच्या पिलात या रेघा माझ्या चष्म्यातून सहज सुटल्या असत्या. इथं त्या सुटणं शक्यच नव्हतं.

पिलं तहानेनं मेली होती. अंड्याच्या आत, भरल्या वाटीपासून हातभर अंतरावर.

मी मशीन उघडलं, वात काढली. ती कडक झालेली, पिवळट, आणि नाकाशी धरली तर आंबूस वास. वाटीत टाकली तर बुडेना. गेंदालाल शेजारी उभा होता. प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी आणवली, उकळली, फुग्याला गुंडाळली. मग दोघं काचेतून पारा बघत उभे राहिलो. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. पारा थांबेचना. अठ्ठ्याहत्तरवर येऊन टेकला. अठरा दिवस मशीनमध्ये वाळवंट होतं आणि मी त्याला ओल म्हणत होतो.

सुनंदाला फोन लावला. ‘तुझ्या वातींना काय लावतेस?’

‘अहो, दुधाचं बोट! दुधाचं बोट लावल्याशिवाय वात वळते होय? सुटते ती. सासूबाईंनी शिकवलंय.’ मग क्षणभर थांबून, ‘का? तुम्ही घेतल्यात की काय? मोजलेल्या डब्यातल्या?’

मोजलेल्याच डब्यातल्या. तिची लाखाची मोजणी सहा वातींनी चुकली होती. कडेच्या दुधाच्या वाटीत बोट बुडवून ती वाती वळते, हे मी दर सुट्टीला समोर बसून पाहत होतो. मशीनच्या उबेत ते दूध पहिल्याच दिवशी फाटलं, सुकलं, कापसाची सगळी तोंडं बंद झाली. वात पाणी ओढेना, फुगा गार होईना, आकडा खाली येईना. गेंदालालनं एका वाक्यात सांगितलं होतं तेच, शब्दशः.

‘गेंदालाल, चूक माझी आहे,’ मी म्हणालो. पॅकिंगच्या बायकांना बोलावून त्यांच्यासमोर म्हणालो, कारण घसरलो होतो ते त्यांच्यासमोर.

तो खाली बघत म्हणाला, ‘छोड़ो साब. अब पोता गीला करूँ?’

अंड्यातून उडालेलं पाणी परत घालता येत नाही. ते कोणत्याही शास्त्राला जमत नाही. करता येण्यासारखं एवढंच होतं की आता आतला पापुद्रा आणखी वाळू द्यायचा नाही, नाहीतर तो पिलाला घट्ट लपेटून बसतो आणि त्याला वळता येत नाही. फवारा पूर्ण सोडला, ओली पोती टांगली. विसाव्या दिवशी चोचींचे टोचे पडायला लागले. बरीच टोचून थांबली. पिलाला बाहेर काढायला मदत करायची नाही, हा आमच्याकडचा कडक नियम, आणि तो मीच लिहिलेला. गेंदालालनं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. मग दोन दिवस तो कोमट पाण्यात बोट बुडवून एकेका टोच्याभोवतीचा पापुद्रा भिजवत बसला. सोनकच्छची बस त्यानं दोन्ही दिवस सोडली.

चौदा निघाली. त्यातली चार दुसऱ्या दिवसापर्यंत गेली. दहा राहिली.

थावरीबाई सांगितल्या दिवशी हजर. टोपलीत धुतलेलं लुगडं अंथरून आणलेलं. मी आधीपासून घोकत होतो: उन्हाळ्याची अंडी होती, तीन बसमध्ये हादरली, देशी कोंबडीची अशीच फळतात. सगळं पटण्यासारखं. ती मुळीच वाद घालणार नव्हती. मशीनला नमस्कार करणारी बाई ती.

तिनं पिलं एकेक उचलली, नखानं चोच उघडून जीभ पाहिली. दहाच्या दहा काळी. मग वर बघून म्हणाली, ‘बाकी?’

गेंदालाल दाराशी उभा होता. तो तिथं नसता तर मी काय बोललो असतो, सांगता येत नाही. मी सगळं सांगितलं. वात, फवारा, यानं दोनदा सांगितलं ते, मी ऐकलं नाही ते.

‘प्यासे मर गए?’ तिनं विचारलं. ‘अंडे के भीतर?’

‘हो. हाँ.’

‘काहे से?’

‘वात में दूध लगा था. घर से लाया था. दूध से बंद हो गई.’

ती चिडलेली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

‘साब,’ ती म्हणाली, ‘मुर्गी कभी दूध पिलाती है क्या?’

गेंदालालनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. शिकलेल्या माणसाला एवढा साधा प्रश्न आधी का सुचला नाही, एवढंच वाटत राहिलं. तिनं पिलं टोपलीत ठेवली, वरून पदर धरला आणि बस गाठायला निघाली. दहातली किती जगतील, त्यात कोंबडा असेल का, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. दिवस-दीड दिवसाच्या पिलात नर-मादी ओळखायला मी शिकलेलो होतो, पण पिलं हातात घेऊन ते बघायचं धैर्य झालं नाही.

पुढचं वर्षभर मी लहान मशीनमधल्या प्रत्येक खेपेची अंडी स्वतः वजन करत होतो. दर वेळी तिच्या टोपलीची आठवण यायची. खुशाली विचारायला फोन नव्हता, तिच्याकडं नव्हता आणि पाड्याचं नावही मी नीट लिहून घेतलं नव्हतं.

पुढच्या वैशाखात ती आली. काखेत एक कोंबडा, निळसर काळा, तुराही काळा, डोळे माझ्यावर रोखलेले. मी पुढं झालो तर मला ओलांडून ती मागच्या खोलीकडे गेली. ‘वो वात वाले भिया कहाँ हैं?’ कोंबडा तिनं गेंदालालच्या हातात दिला. सात जगली होती, म्हणाली, त्यातले दोन कोंबडे. आता खुराडं पुन्हा भरलं होतं. कोंबड्याची चोच उघडून गेंदालालनं जीभ पाहिली.

मग ती माझ्याकडे वळली. मी शाकाहारी आहे हे तिनं कोणाकडून तरी ऐकलं होतं. कमरेच्या ओटीतून तिनं एक गाठोडं काढलं. तिच्या शेतातला कापूस, सरकीसकट.

‘मशीन की वात के लिए,’ ती म्हणाली. ‘दूध मत लगाना, साब.’

तो कापूस मी घरी नेला. सुनंदानं सरकी काढली, पिंजला. काही वाती देवासाठी वळल्या, दुधाचं बोट लावून, नेमाप्रमाणे. बाकीच्या कोरड्या हातानं वळल्या आणि वेगळ्या डबीत भरल्या. त्या डबीवर तिनं एक चिठ्ठी डकवली. पुतणीला मराठी वाचता येत नाही, पण नवऱ्याला येतं; त्याच्यासाठी ठळक अक्षरांत लिहिली:

‘कोंबडीच्या. घेण्याआधी विचारावे.’